दीड तासाचा मुलगा

"तिकीट बघतोय मामा," असं अमोल फोनवर म्हणाला, तेव्हा त्याच्या आईला जाऊन दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "आता सावकाश बघ."

माझी थोरली बहीण कुमुदताई ठाकुर्लीला एकटीच राहायची. एकुलत्या एका मुलाला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. अमोलने मोबाइलवर नकाशा काढून तिची समजूत घातली. "अगं आई, सहाशे किलोमीटर म्हणजे काय! विमानाने दीड तास. मामाला इथल्या इथे ठाण्यातल्या कोलशेतहून यायला याहून जास्त वेळ लागतो." खोटं नव्हतं ते. पण त्या दिवसापासून ताईच्या लेखी मुलगा जवळ आणि भाऊ लांब राहायला लागला. दर रविवारी ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन मी पोचलो की म्हणायची, "एवढ्या लांबून कशाला आलास रे? अमोल आहे ना." अमोल दोन दिवाळ्या फिरकला नव्हता.

गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून तिला डोंबिवलीत दवाखान्यात ठेवलं. दुपारी श्वास फारच लागला. घशात नळी घालावी लागेल, मग बोलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी अमोलला फोन लावला, स्पीकरवर. "निघालोच मामा," तो म्हणाला. आपल्याकडे 'निघालो' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ताईला मात्र मुलाच्या तोंडचा शब्द म्हणजे वेदवाक्य. मास्क बाजूला करून म्हणाली, "दीड तास थांबा डॉक्टर. त्याच्याशी बोलते, मग घाला." डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. मी हात जोडले, शेवटी ओरडलो, "अगं, तो निघालेला नाहीये!" लहानपणी मी खोटं बोललो की बघायची, तसं तिने माझ्याकडे बघितलं... नळी काही घालू दिली नाही. आणि तो दीड तासही तिला पुरा करता आला नाही. मला अमोलचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर तिचा त्याहून जास्त येतो.

संध्याकाळच्या विमानाने तो आला. विमान अगदी वेळेवर होतं, हे त्याने जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. रडलाही खूप. ते रडणं खरं होतं, हेच मला सोसत नाही. अग्नी देऊन घरी आल्यावर गॅलरीत उभा राहून म्हणाला, "मामा, उतरताना विमान इथूनच वरून येतं. खिडकीतून आपली सोसायटी ओळखली मी."

ताईची प्लास्टिकची खुर्ची त्या गॅलरीत अजून आहे. बाकीच्या बायका रस्त्याकडे बघत बसतात. हिची खुर्ची कोपऱ्यात, जिथून आभाळाचा तुकडा दिसतो तिथे. परवा घर आवरायला गेलो, तेव्हा तीत बसून पाहिलं. विमानं जात असतात, एकामागून एक... खालून त्यातलं एकही ओळखू येत नाही.