कुसुमअक्कांचा राग

कुसुमअक्कांसमोर ‘चालतंय की’ म्हणायची सोय नव्हती. रेडिओ थोडा खरखरतो, पण चालतंय की, असं कुणी म्हणालं, की त्या हातातला पाना खाली ठेवत, रेडिओ त्याच्याकडे सरकवत आणि म्हणत, “चालतंय न्हवं? मग न्या घरी. माझ्याकडं कशाला आणलाय?”

राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. कुरुंदवाडला वडिलांच्या हाताखाली त्या दुरुस्ती शिकल्या, तेव्हा रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. माझ्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमध्येही तसेच व्हॉल्व्ह आहेत. पण तेव्हा मला अक्का ठाऊक नव्हत्या. आमच्या सरावाच्या खोलीत अ‍ॅम्प घुरघुरायला लागला तेव्हा मी तो काचेच्या दरवाजाच्या एका मोठ्या दुकानात दिला. दुसऱ्या दिवशी घुरघुर बंद. मी खूश.

पंधरा दिवसांनी कागलला एका लग्नात गाताना माझे ओठ माइकला लागले आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. भानावर आलो तेव्हा मी स्टेजवर आडवा होतो आणि तोंड बधिर झालं होतं. मांडववाला म्हणाला, “लाईट हाय पावणं, बसतोय की कवातरी झटका.”

आमच्या तबलजीनं मला अक्कांकडे नेलं. त्यांनी अ‍ॅम्पच्या आधी प्लग उघडला. आतली तिसरी वायर, अर्थिंगची, कापून तिच्यावर काळी टेप गुंडाळली होती. अक्कांनी ती टेप नखानं सोडवली.

“हे कुणी केलं?”

मी दुकान सांगितलं.

“अर्थिंग काय शोभंला असतंय? आत कुठं करंट गळला तर त्यानं जमिनीत जावं म्हणून ही वायर. ती कापल्यावर तो तुझ्या गिटारीच्या तारंतनं तुझ्या अंगात आला आन् तोंडातनं माइकात गेला. चल, ऊठ.”

पदर खोचून, तो प्लग मुठीत धरून त्या रिक्षात बसल्या. दुकानदार हसून म्हणाला, “ताई, गिऱ्हाइकाला आवाज नको होता. आवाज गेला. सगळेच करतात असं.”

“पोर रडतंय म्हणून त्याचं नरडं दाबतोस काय रं? आनी कुणाकुणाच्या कापल्यास, सांग.”

तो सांगेना. अक्का स्टूल ओढून दारातच बसल्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला प्लग दाखवून मोठ्यानं सांगू लागल्या, “हे बघा, इथं दुरुस्ती अशी करत्यात.” तिसरं गिऱ्हाईक परत फिरलं तेव्हा दुकानदारानं मुकाट्यानं वही काढली. आणखी चार नावं निघाली. त्यातलं एक भजनी मंडळ होतं. चौघांनाही त्याला अक्कांसमोर फोन करावा लागला. “अ‍ॅम्प लावू नका, माझी चूक झालीय,” हे शब्दही अक्कांनीच सांगितलेले. मला बरं वाटलं असं नाही. आणखी चार ठिकाणी कुणीतरी रोज अशाच अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लावत होतं, या विचारानं माझंच डोकं तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी आतला गळका कपॅसिटर बदलला, अर्थिंग जोडलं आणि अ‍ॅम्प टेबलावर सुरू केला. घुरघुर नाही.

“ह्यो गप हाय. आजार तुझ्या खोलीत हाय.”

त्या खोलीवर आल्या. तिथं अ‍ॅम्प लावला तर पुन्हा घुर्र. अक्का एकेक वायर काढायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या, परत लावायच्या. अ‍ॅम्पमधून, सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला जाणारी वायर काढली आणि आवाज थांबला. मग त्यांनी दोन भिंतींकडे बोट केलं. अ‍ॅम्पचा प्लग एकीकडे, मिक्सरचा समोर.

“दोन बाजूंनी अर्थिंग, मधी ही वायर. करंट गोल फिरतोय, म्हणून घुरघुरतंय.” त्यांनी दोन्ही प्लग एकाच बोर्डात घातले आणि वायर परत जोडली. खोली शांत झाली. “अर्थिंग कापल्यावर हीच वायर तुला राखत हुती, करंट हिच्यातनं मिक्सरच्या अर्थिंगला जायचा. कागलला ती लावली न्हाईस.”

तिथं मी मिक्सरला न जोडता अ‍ॅम्प नुसताच वाजवला होता. खोलीतला आजार शोधायला सगळी मिळून वीस मिनिटं लागली होती. अक्का मात्र अजून धुमसत होत्या. “वीस मिन्टं ऐकायचा कंटाळा, आनी माणूस मारायला तयार!”

गेल्या वर्षी अक्का गेल्या. महिनाभर आजारी होत्या. त्यानंतर तो दुकानदार मला बाजारात भेटला. चहा सांगितला आणि म्हणाला, “बाई लई तापट हुत्या. त्या दिवशी केवढा तमाशा केला! कुणी मेलं तर न्हवतं की.”

“अक्का तापल्या म्हणून मेलं न्हाई,” मी म्हणालो, आणि चहा तसाच ठेवून उठलो.