बशीखालचा चहा

मधूच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी वेफर्सची केळी सोलत होते. "ताई, हे गेले." हातातलं केळं सोलून झालं, मग उठले. त्याला सव्वा महिना झाला. येणारा जाणारा म्हणतो, मधू सरळ माणूस होता. मला ते अजून नक्की म्हणता येत नाही.

माझा हा धाकटा भाऊ आमच्या गावच्या शनवारा बाजारातल्या एका लहान पतपेढीत होता. दुकानदारानं धंद्यासाठी कर्ज मागितलं की चौकशी त्याच्याकडे. द्यायचं नसेल तर तो चिठ्ठी पाठवायचा नाही, स्वतः दुकानात जायचा. समोर चहा आला की कपावर बशी झाकायचा. "भैया, या वेळी नाही जमणार," म्हणायचा. का नाही, आणि काय केलं तर पुढं जमेल, तेही सांगायचा. मग बशी काढून निवलेला चहा प्यायचा. आधी चहा पिऊन मागून नाही म्हणणं त्याला फसवणूक वाटे. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं. एक शिंपी तर चहा देतानाच म्हणायचा, "साहब, बशी को हाथ मत लगाना."

मी हातानं वेफर्स करून विकते. मशीनसाठी मीही अर्ज केला. मधू घरी आला. चहा देऊन मी त्याच्या हाताकडे बघत बसले. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकून प्यायला, निंबोला गावच्या शेताची चौकशी केली आणि गेला. दुसऱ्याच दिवशी मी मशीनचा बयाणा देऊन आले. तिसऱ्या दिवशी हा दारात.

"ताई, नाहीच म्हणायला आलो होतो. तुझ्यापुढं तोंड उघडलं नाही."

कारण खरं होतं. माझा माल घेणारा व्यापारी एकच, तो फिरला तर मशीन गळ्यात. पण मी म्हटलं, "शिंप्याला तोंडावर सांगतोस, बहिणीला नाही?" आणि दार लावलं. बयाणा बुडाला. पुढं तो व्यापारी खरंच फिरला. तरी दोन वर्षं मी मधूला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

दिवाळीनंतर तो आपणहून आला, पार वाळलेला. मी त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानं कपावर बशी झाकली.

"आता कशाला नाही म्हणतोस? मी कुठं काय मागितलंय?"

"डॉक्टर नाही म्हणाले, ताई..."

मग बशी काढून त्यानं चहा संपवला. तुझं बरोबर होतं, एवढं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

तो कप फळीवर आहे, वर बशी झाकून. धूळ बसू नये म्हणून, असं मी सुनेला सांगितलंय.