मास्तरांचा बॅनर

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. होत असेल बाबा. माझ्या बाबतीत टोचतंय ते दुसरंच. मास्तरांची आठवण आली की मला आधी लाज वाटते आणि मग रडू येतं. कधी कधी तर नुसतीच लाज वाटते.

सोलापुरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, चौकात जे जे टांगतात ते सगळं आम्ही छापतो. पण मला अक्षर शिकवलं ते मास्तरांनी. ते पेंटर होते. पूर्व भागातल्या विणकर घरातले. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. मी केम गावाहून गाडीत बसून इथं आलो तेव्हा मला ब्रश धड धरता येत नव्हता. त्यांनी मला दुकानांच्या पाट्यांवर, ट्रकच्या मागं, शाळांच्या भिंतींवर घासून घेतलं. पुढं फ्लेक्स आलं, पेंटरांचे दिवस फिरले, तेव्हा तेच म्हणाले, "ब्रश ठेव बाजूला आणि कॉम्प्युटर शीक. माझ्यासारखं उन्हात तरी मरणार न्हाईस." वयानं कितीतरी मोठा माणूस, पण त्यांचा मी मित्र कधी झालो ते कळलंच नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा, आणि चहाबरोबर माझी यथेच्छ टिंगल.

माझी एक सवय होती. कुठलंही डिझाइन झालं की गिऱ्हाइकाच्या आधी ते मास्तरांना पाठवायचं. लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा, "अरे, त्या 'श'चं पोट बघ की किती सुटलंय! जेवायला घातलंस काय त्याला?" मी ते नीट करायचो आणि मगच छापायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. चार-पाच दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. "दादा, डॉक्टर म्हणतात काही खरं नाही. तयारी ठेवा."

आमच्या धंद्यात तयारी म्हणजे एकच. आमच्याकडं माणूस गेला की अंत्ययात्रा निघायच्या आत चौकात त्याचा बॅनर लागावा लागतो. मग सगळी घाई. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापायचा, मागं ढग टाकायचे, खाली एक समई, झालं. मास्तरांचं असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. भर दुपारी शटर अर्धं ओढून कामाला बसलो.

आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. शर्टावर रंगाचे शिंतोडे असलेला त्यांचा एक हसरा फोटो शोधून काढला. ढग नाहीत, समई नाही. नाव तर कित्येक वर्षांनी स्वतः ब्रशनं कागदावर लिहिलं आणि स्कॅन करून घेतलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. हा चौकात लागला की गावातले सगळे पेंटर बघतच राहतील, असंही मनात येऊन गेलं. माणूस तिकडं एकेका श्वासासाठी झगडत होता आणि मी इकडं शाबासकीची स्वप्नं बघत होतो. थू माझ्या जिंदगानीवर!

खालची नातेवाइकांची नावं तपासायला ते मुलाला पाठवायचं होतं. पण हात सवयीनं गेला तो मास्तरांच्या नंबरवर. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "दादा, पप्पा शुद्धीवर आले! बोलतायत, मोबाइल मागून घेतला!" मी माझा मोबाइल उघडला. मास्तरांच्या नावापुढं त्यांचाच श्रद्धांजलीचा बॅनर, आणि त्याखाली दोन निळ्या टिक्स. त्यांनी बघितला होता.

मास्तर वाचले, घरी आले. महिना-दीड महिना चांगले होते. आणि मी गेलो नाही. बॅनरबद्दल त्यांचा व्हॉइस मेसेज आला नाही, म्हणजे राग आलाय, हे मी धरूनच चाललो. त्यांचे फोन यायचे. मी स्क्रीनकडं बघत बसायचो, वाजून वाजून बंद व्हायचा. उचलून बोलणार काय, डोंबल? मास्तर, तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला मारलं, आणि मन लावून मारलं? मास्तरांच्या बायकोला, काकूंना, निरोप द्यायचो, लग्नसराई आहे, कामं लई पडलीत. मला फक्त त्यांचे पाय धरून माफी मागायची होती. रोज ठरवायचो. एकदा तर त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी नेली आणि तिथून माघारी वळवली.

मग एका सकाळी परत मुलाचा फोन आला. मास्तर झोपेतच गेले होते.

बॅनर छापायला टाकला, तोच. दुसरा करायला हात चालेना. घरी गेलो तर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो, मान वर होईना. कसंबसं म्हणालो, "काकू, माझं चुकलं. तो बॅनर... मास्तरांनी बघितला होता."

"बघितला की," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात नर्सला दाखवला, डॉक्टरला दाखवला. घरी येईल त्याला दाखवायचे. बघा म्हणायचे, माझ्या पोरानं काय काम केलंय. तुला फोनवर सांगायचं नव्हतं त्यांना. समोर बसवून पाठीवर हात ठेवून सांगतो म्हणायचे. कधी येतोस विचारायलाच फोन लावायचे."

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"तू येईनास. मग म्हणायला लागले, मी मेलो न्हाई, पोराचं एवढं काम वाया गेलं, म्हणून रुसलाय बघ माझ्यावर. आधी हसत म्हणायचे," काकू म्हणाल्या. "मागनं मागनं हसायचे न्हाईत."