शोभेची लाकडं

महाबळेश्वरच्या बंगल्यात आमच्या साडूंनी शेकोटीचा कोनाडा बांधलाय. त्याला धुराडंच नाही. पण आत रचलेल्या ओंडक्यांना इतकं व्हार्निश फासलंय, की त्यांत बघून मी दाढी उरकली असती. बाहेर थंडी अशी, की बोललेला शब्द गोठून पायावर पडावा. पूर्वी चूल पेटली नाही तर माणूस लाजायचा; हे न पेटणारी चूल मिरवतात!

कामवाल्या सखूमावशी ते ओंडके फडक्यानं पुसत होत्या.

"बाईसाहेब, यातलं एक न्हेऊ का? नातीच्या अंघोळीला सरपण न्हाई."

"अहो, रचना बिघडेल ना!" मेव्हणी म्हणाली.

मावशींनी शेवटचा ओंडका पुसला आणि सवयीनं त्या लाकडांपुढे हात शेकायला धरले.