सारंगीला दाखवलेला उन्हाळा

काकाजींनी मला हाताशी धरलं, म्हणून आज मी जुन्या घडणीच्या सारंग्या करतो. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

मी कोकणातला. नववीतच शाळा सुटली आणि हिंगण्याच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून नागपूरला आलो. शहराच्या कडेला बेसा भागात खोली घेतली. खोलीमागच्या शेडमध्ये घरमालक काकाजी अखंड ओंडक्यातून सारंगी कोरत बसायचे. सुट्टीच्या दिवशी मी बघत उभा राहायचो. एकदा त्यांनी पटाशी माझ्यापुढे केली. पुढे कारखाना सुटला, पटाशी नाही.

त्यांचा एक नियम होता. कोरलेल्या लाकडावर कातडं चढवायच्या आधी त्याला नागपूरचा आख्खा उन्हाळा दाखवायचा. शेडमध्ये कूलर नाही. मे महिन्यात पत्र्याखाली तेही लाकडाबरोबर भाजत बसायचे. म्हणायचे, "लाकूड सोसते, तं आपल्याले काय झालं?"

माझी पहिली सारंगी अशी शेडमध्ये तापत होती आणि काकाजी नातीच्या लग्नाला अकोल्याला गेले. माझा जीव थाऱ्यावर राहीना. ती तडकली तर हे म्हणतील, जा बाबा आपल्या गावी. आणि घरी तर मी कारागीर झालो म्हणून सांगून बसलेलो. शेवटी खोलीतला कूलर ओढत नेला आणि तिच्यासमोर लावला. ते येईपर्यंत चालूच.

काकाजी आले. लाकडावर तळवा ठेवला.

"काहून गा, कूलर कोणासाठी?"

"हिच्यासाठी."

"हिनं मागितला का तुले?"

"तडकली असती, काकाजी."

"तं तडकू दे ना. इथं तडकली तं आपल्या दोघांनाच दिसते. वाजवणाऱ्याच्या मांडीवर तडकली तं त्याची अब्रू जाते. आता ओल धरली हिनं. हा उन्हाळा गेला वाया."

मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती. ते कूलर बाजूला ढकलत म्हणाले, "पुढचा उन्हाळा दाखवू हिले. पण तवा इथं तू बसशील, मी घरात."

म्हणजे मी आणखी वर्षभर तरी इथंच होतो.

पुढच्या मेमध्ये मी बसलो. सारंगी तडकली नाही. आणि घरात कसले, काकाजी माझ्या शेजारीच होते.

त्यांच्या गुरूंनी दिलेली सारंगी कातडं फाटून भिंतीवर टांगलेली आहे. आधी लोकांचं काम, म्हणून तिची पाळी कधी आलीच नाही. माझा हात आणखी थोडा बसू दे. तिला मीच कातडं चढवून त्यांच्या मांडीवर ठेवणार आहे.