माझ्या कॉलेजात पाच तारे चालत नाहीत

मी अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फुटबॉल प्रशिक्षक आहे. कॉलेज आमच्या मुलुंडच्या हॉलमधल्या टीव्हीत आहे. फुटबॉलही आपला नव्हे; लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर येऊन पाडायचं, असा तो त्यांचा खेळ. अंधेरीच्या ऑफिसात आमचे क्लायंट अमेरिकन. कॉल सुरू झाला की कामाआधी त्यांच्या कॉलेजांच्या मॅचच्या गप्पा, आणि मी आपला मुका बसलेला. चार शब्द आपल्यालाही बोलता यावेत म्हणून व्हिडिओ गेमचा सेकंडहँड कन्सोल आणि हा गेम घरी आणला. पुढे क्लायंट बदलले, गेम राहिला.

या गेममध्ये मॅचपेक्षा पोरं जमवण्यात खरी गंमत आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाचे खेळाडू पास होऊन जातात आणि त्यांच्या जागी शाळांमधून नवे आणायचे असतात. प्रत्येक पोराच्या नावापुढे एक ते पाच तारे. आपण संपर्क साधायचा, फी माफ करायचं वचन द्यायचं, आणि तो हो म्हणाला की आपला. गेम मात्र फार दिलदार. दोन-तीन वर्षं नीट खेळलात की कुठल्या आडगावच्या कॉलेजातही पाच ताऱ्यांची पोरं रांग लावतात. खेळणारे सगळे खूश असतात. मला ते बघवत नाही. सोसायटीत दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावणाऱ्याला खाली उतरून सुनावणारा माणूस मी. मी घरच्या टीव्हीत असली लबाडी कशी खपवून घेणार?

म्हणून मी माझे नियम केले. माझं कॉलेज मक्याच्या शेतांमधलं, गरीब. तिथे पोरं आपल्या आणि शेजारच्या राज्यातलीच घ्यायची. तीन ताऱ्यांच्या वरच्याला हात लावायचा नाही, तो स्वतःहून आला तरी. दिलेला शब्द फिरवायचा नाही. हरलेली मॅच बंद करून पुन्हा खेळायची नाही. आणि पोरगा जेवढा दिसतो तेवढाच धरायचा. मनात माया आहे म्हणून अर्धा ताराही वाढवायचा नाही. या शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता.

माझी मुलगी जेवणाचं ताट घेऊन बाजूला बसायची आणि माझी खेचायची.

"बाबा, घे ना यार एक पाच स्टारवाला. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"वेडा आहेस तू. टीम तुझी, आणि तूच तिची वाट लावतोस."

ती स्वतः कबड्डी खेळते. आमच्या गल्लीच्या मंडळाची चढाईपटू. अंगाने बारीक, उंची बेताची, पण समोरच्यांच्या हाताखालून अशी निसटते की पकडणाऱ्या एकमेकींनाच धरून बसतात. बारावी झाल्यावर मंडळाच्या ताईंनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षिकेने, अंधेरीच्या एका कॉलेजात शब्द टाकला. कबड्डीत त्या कॉलेजचा दबदबा. खेळाच्या कोट्यातून प्रवेश, पुढे विद्यापीठाच्या संघाची वाट. पोरीने दुसरं काही मागितलंच नव्हतं. चाचणीला तिला घेऊन मी गेलो, हौसेने रजा टाकून.

ती छान खेळली. एका चढाईत दोघींना बाद करून आली तेव्हा कडेला उभ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकदा मात्र कोपऱ्यातल्या उंच मुलीने तिचा घोटा धरला आणि ती सुटली नाही. चाचणी संपल्यावर क्रीडा विभागाच्या मॅडम माझ्याकडे आल्या. मुलगी घाम पुसत माझ्या शेजारी उभी होती.

"खेळ आवडला आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "रोज संध्याकाळी सराव असतो, बाहेरगावी स्पर्धा असतात. तुम्हाला काय वाटतं? झेपेल तिला?"

साधा प्रश्न होता. "झेपेल की," एवढं म्हणायचं आणि सही करून वडापाव खायला जायचं. पण मला कुणीतरी तज्ज्ञ म्हणून मत विचारल्यासारखं वाटलं.

"खरं सांगू का मॅडम," मी म्हणालो, "चपळाई आहे, पण उंची कमी पडते. घोटा पकडला की सुटत नाही, तुम्ही पाहिलंतच. आमच्या भागात चांगली आहे, पण तुमच्या लेव्हलला अजून नाही. जवळचं एखादं कॉलेज तिला जास्त सूट होईल."

मॅडमनी हातातल्या यादीवर काहीतरी लिहिलं. मग "ठीक आहे, समजलं," म्हणाल्या आणि पुढच्या पालकांकडे वळल्या. मुलीने बॅग उचलली. येताना मेट्रोत मी तिला समजावत होतो की आपण खरं बोललो ते बरं झालं, आता घेतलं तर डोळे उघडे ठेवून घेतील. ती खिडकीबाहेर बघत हं हं करत होती. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे लिहितानाही कान गरम होतात.

निवड झाली नाही. मला तर ते अपेक्षितच होतं! नंतर ताईंचा फोन आला.

"दादा, पोरीला पाठवायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं ना. ती वाईट खेळते म्हणून कशाला सांगितलंत?"

"पाठवायचं नव्हतं असं कोण म्हणालं?"

"मॅडम म्हणाल्या. इतके बाप बघितलेत त्यांनी. पोरीला लांब पाठवायचं नसलं की असंच बोलतात. तब्येत नाजूक आहे, जवळचं बरं, तिला नाही जमायचं. तुम्ही पण तेच बोललात."

पोरींना घरात बसवणाऱ्या बापांचा मला भयंकर राग, आणि मी त्यांचीच वाक्यं बोलून आलो होतो. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून तसाच त्या कॉलेजात गेलो. मॅडमना म्हणालो, तुमचा गैरसमज झाला, माझी अजिबात ना नव्हती, मी फक्त प्रामाणिक मत दिलं.

मॅडमनी मला बसायला सांगितलं. "म्हणजे तुम्हाला ती खरंच तेवढीच वाटते?"

हो म्हणावं तर पोरीला पुन्हा पाडल्यासारखं, नाही म्हणावं तर त्या दिवशी मग काय बोललो होतो?

"सर, इथे येणारे आईबाप मुलीबद्दल थोडं वाढवूनच सांगतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते आम्ही वजा करून घेतो. उंची कमी आहे हे मला दिसत होतं. घोटा सोडवायला मी महिन्याभरात शिकवलं असतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की घर तिच्या मागे उभं आहे का." जागा दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती. त्यांनी चहा मागवला.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ दे ना बाबा, खोटं थोडीच बोललास." ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझं मत खरं मानलं होतं. अमेरिकेतल्या त्या चित्रातल्या पोरांना मी शब्द देऊन पाळत होतो, आणि जिला शब्द द्यायचीही गरज नव्हती तिला तिच्यासमोर तीन तारे देऊन मोकळा झालो. बायको म्हणाली, तुला बाप म्हणून बोलावलं होतं, परीक्षक म्हणून नाही.

आता ती मुलुंडच्याच कॉलेजात जाते. गेल्या महिन्यात उपनगर जिल्ह्याच्या संघाची चाचणी बोरिवलीला होती. मी आदल्या दिवशीच रजा टाकली आणि सकाळी तिच्याआधी तयार होऊन बसलो. ती बुटाच्या नाड्या बांधत होती.

"बाबा, आई येतेय माझ्याबरोबर. तू नको."

"अगं, मी एक शब्द बोलणार नाही. लांब उभा राहीन."

तिने दुसरा बूट घातला. रागावली नव्हती, उलट मला वाईट वाटू नये म्हणून जरा हळूच बोलली.

"बोलण्याचं नाही रे. तू बघत असलास ना, की मला चढाईला जावंसंच वाटत नाही."

दोघी गेल्या. मी बाहेर जायच्या कपड्यांतच हॉलमध्ये बसून राहिलो. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.