राखणदाराचे तीन थेंब

जगातल्या यच्चयावत पदार्थांच्या चवीचा निकाल द्यायचं काम देवाने माझ्या काकांवर सोपवलं आहे, आणि त्यांनी त्यात एक दिवसही रजा घेतलेली नाही. बाबा गेल्यावर मी यांच्याच भांडुपच्या चाळीत, यांच्याच ताटात जेवून वाढलो, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. सकाळी नळाचं पाणी तोंडात घोळवून काका जाहीर करायचे, "टाकी धुवूक व्हयी." एकदा चाळकऱ्यांनी ऐकलं नाही आणि टाकीत मेलेलं कबुतर निघालं, तेव्हापासून काकांचा शब्द प्रमाण. कुणाच्या बारशाला गेले तर बाळाच्या आधी सोलकढी बघायचे आणि "नारळ कालचो" म्हणून मोकळे व्हायचे. माझ्या लग्नात तर आचाऱ्याने त्यांना हात जोडले आणि त्यांची खुर्ची चुलीपासून लांब हलवून घेतली.

मला बढती मिळाली तेव्हा म्हणाले, "झिला, तुमी लोक ती कडू बिअर पितास, ती माका एकदा चाखव." झिला म्हणजे आमच्याकडे पोटचा पोरगा; काकांनी मला कायम हीच हाक मारली. घेऊन गेलो रविवारी दुपारी अंधेरीला, काचेमागे बिअरच्या टाक्या दिसतात अशा एका झकास जागी. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चपला पुसून आले होते. हॉप्स नावाची कडू फुलं जरा सढळ हाताने घातलेली पिल्सनर बिअर समोर आली. काकांनी डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि ग्लासात बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर शिंपडले. आमच्या गावी गावची शीव सांभाळणाऱ्या राखणदाराला गाऱ्हाणं घालून, म्हणजे मागणं मागून, त्याचा थेंब दिल्याशिवाय कुणी घोट घेत नाही. पण राखणदार गावाला, आणि माझी बॉस नेमकी त्याच वेळी टेबलाशी येऊन उभी! तिसरा थेंब तिच्या पांढऱ्याशुभ्र बुटावर.

"कोण रे हे?" तिने विचारलं. आणि मी, ज्याला या माणसाने माशाचे काटे काढून घास भरवले तो मी, म्हणालो, "आमच्या बिल्डिंगमधले आहेत. सहज आले बरोबर."

काकांनी ऐकलं. ऐकू न यायला ते काही बहिरे नव्हते. त्यांनी शांतपणे घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, "कडूनिंबाचो मोहर. मागसून ईडलिंबाची साल. कडू आसा, पण लबाड नाय." बॉस खूश! "मी इतकी वर्षं पितेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लकी आहेस यार, असं कुणी माझ्या घरात असतं ना!" अजूनही वेळ गेली नव्हती. 'अहो, माझ्याच घरातले आहेत' एवढंच म्हणायचं होतं. मी मेन्यूकार्ड वाचत राहिलो. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझी अब्रू सांभाळत मला म्हणाले, "बरी आसा हां तुमची बिअर, साहेब."

परतताना रिक्षात मी, निर्लज्जासारखा, उलट त्यांनाच म्हणालो, "काका, असल्या ठिकाणी थेंब शिंपडायचे नसतात हो." काका हसले. "तुमच्या बढतीचा गाऱ्हाणा घातलंय, साहेब. पयलो थेंब राखणदाराचो, दुसरो तुमच्या बाबाचो, तिसरो तुमच्या नावाचो." पवई गेलं, कांजूर गेलं, मी रिक्षाच्या मीटरचे आकडे वाचत राहिलो.

आता काका गावीच असतात. रविवारी फोन करतो. नारळ कसा आहे, विहिरीचं पाणी कसं लागतं, सगळा निकाल ऐकवतात. राग नाही, कुजकेपणा नाही. फक्त फोन उचलताना "काय साहेब, बरे आसास मां?" असं हसून विचारतात. मस्करीच करतात, मला कळतं. पण फोन ठेवेपर्यंत मी त्यांच्या तोंडून एका 'झिला'ची वाट बघत असतो, आणि तो मागायला माझी जीभ रेटत नाही.